काही न घेता बसू देणारी दुकानं : फोर्ट, काळा घोडा, धोबीतलाव

चर्चगेट_स्लो

मंडळी, गेल्या आठवड्यात एका कामासाठी फोर्टात जावं लागलं. रिटायर झाल्यापासून तिकडे जाणंच होत नाही. काम अर्ध्या तासात उरकलं आणि पाय आपोआप काळ्या घोड्याकडे वळले, सवयच ती, १९८६ पासून अठ्ठावीस वर्षं रोज दुपारी एक ते पावणेदोन मी त्याच दोन-चार गल्ल्यांत असायचो. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरच्या कोपऱ्यावर आलो आणि थांबलो. तिथलं गाण्यांच्या कॅसेटचं दुकान, ऱ्हिदम हाऊस, २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं हे मला माहीत होतं, पेपरात वाचून त्या दिवशी घरात हळहळलोही होतो, पण परवा तिथे उभा असताना हात दार ढकलायला पुढे झाला होता हो.

नोकरी नवी होती तेव्हा पगार आईच्या हातात द्यायचो. माझ्याकडे राहायचे ते पासापुरते आणि चहापुरते पैसे. तरी मी महिन्यातून आठ-दहा वेळा ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचो कारण तिथे ऐकायला बूथ होते, मागितलं की लावून द्यायचे. मल्लिकार्जुन मन्सूरांची एक कॅसेट मी चार महिने नुसती ऐकली. काउंटरवरच्या गृहस्थांना माझा चेहरा पाठ झाला होता, मी दिसलो की ते न विचारता ती कॅसेट काढायचे. एकदाही "घेणार आहात का" असं विचारलं नाही. दिवाळीचा बोनस झाला त्या दुपारी मी पैसे काउंटरवर ठेवले तर म्हणाले, "आता घरी ऐका, सावकाश." ती कॅसेट अजून आहे, वाजवायला यंत्र नाही.

तर धागा काढायचं कारण हे. जुन्या दुकानांच्या आठवणी म्हटल्या की आपण काय खाल्लं, काय विकत घेतलं ते सांगतो. मला उलटं विचारायचंय. काहीही न घेता, किंवा एका चहावर, तुम्ही तासन् तास कुठे काढलेत? आणि ती जागा आता नाही, अशी.

थप्पीतलं_पुस्तक

स्ट्रँड बुक स्टॉल. दुसरं नाव मनात येऊच शकत नाही.

पी. एम. रोडच्या त्या गल्लीत शिरलं की लांबूनच माणसं वाकून पुस्तकं बघताना दिसायची. आत जागा एवढीशी, थप्प्यांना धक्का लागू नये म्हणून दप्तर पोटाशी धरायचं. मी एल्फिन्स्टनला होतो आणि मला वाटतं अभ्यासक्रमातलं निम्मं मी तिथे उभ्याउभ्या वाचलंय. एखादा धडा अर्धवट राहिला तर पान नंबर लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी जायचं, आणि जीव धाकधुक व्हायचा की पुस्तक विकलं तर गेलं नसेल ना.

शानभाग साहेबांबद्दल बऱ्याच जणांना माहीत असेल. १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात त्यांनी पुस्तकांचा छोटा स्टॉल टाकला, म्हणून नाव स्ट्रँड. मंगलोरकडून आलेला गरीब मुलगा, वाचनाचं वेड, आणि एका मोठ्या दुकानात पुस्तकं चाळत असताना त्यांचा अपमान झाला होता. त्यातूनच त्यांनी ठरवलं की आपल्या दुकानात कुणालाही पुस्तक हातात घेऊन बघता आलं पाहिजे. वीस टक्के सूट कायमची, कुणीही या. २००३ ला पद्मश्री मिळाली, पुस्तकविक्रेत्याला! २००९ ला गेले. दुकान २०१८ च्या फेब्रुवारीत बंद झालं. शेवटच्या दिवसांत मी गेलो होतो, रांग होती बाहेर, आणि जो तो आपापली गोष्ट शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता.

सुंदराबाई हॉलमधलं त्यांचं वार्षिक प्रदर्शन आठवतं का कुणाला? त्यासाठी मी वर्षभर डब्यात पैसे साठवायचो.

निळी_शाई

सुंदराबाई!! दोन पिशव्या भरून पुस्तकं आणि परतीच्या ट्रेनमध्ये उभं राहून त्यातलं पहिलं उघडायचं. +१००

जेजेची_मुलगी

चर्चगेट_स्लो, तुम्ही रस्त्याच्या पलीकडे गाणी ऐकत होतात तेव्हा मी अलीकडे जहांगीरच्या आत बसलेली असणार, कारण माझी जागा म्हणजे तिथलं समोवार कॅफे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आर्ट गॅलरीच्या मागच्या अंगाला एक लांबट, अरुंद पट्टा, आगगाडीच्या डायनिंग कारसारखा, आणि एका बाजूला म्युझियमची बाग. उषा खन्नांनी १९६४ साली सुरू केलं आणि मार्च २०१५ च्या अखेरीला बंद झालं, पन्नास वर्षं चाललं म्हणजे. पुदिन्याचा चहा, पेरूचा रस, पराठे, भजी. चित्रकार हुसेनपासून कालच पहिलं प्रदर्शन लावलेल्या पोरापर्यंत सगळे तिथेच.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. मी डोंबिवलीहून जे.जे. आर्ट कॉलेजला यायचे, वय अठरा. त्या काळात एकटी मुलगी बसणार कुठे? इराण्याच्या हॉटेलात एकटी गेलं की तो बिचारा आदराने फॅमिली रूमकडे बोट दाखवायचा, तिथे पडद्याआड एकटीने बसायचं म्हणजे अजूनच अवघड. उडप्याकडे खाणं संपलं की पोऱ्या फडकं घेऊन हजर. लायब्ररीत स्केच करता येत नाही. समोवारला मी एक चहा मागवून दोन-दोन तास स्केचबुक उघडून बसलेय, समोरच्या झाडाची किती चित्रं काढली असतील त्याला गणतीच नाही. कुणी येऊन बसलं नाही, कुणी टक लावून बघितलं नाही, वेटरने कधी बिल आणून आपटलं नाही. शहरात आपल्यालाही बसायला जागा आहे हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. माझ्या आईला हे आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, मी तिला एकदा मुद्दाम घेऊन गेले, ती तासभर काही न बोलता बागेकडे बघत बसली होती.

बंद होणार कळलं तेव्हा मी बंगलोरला होते, येता आलं नाही. ते अजून टोचतं.

पानीकम

जेजेची_मुलगी, तुमच्या आईंचं वाचून गलबलून आलं.

मी इराण्यांबद्दल लिहितो, नावातच आहे माझ्या. धोबीतलावच्या बस्तानीत माझी कॉलेजची चार वर्षं गेली. कयानीच्या समोर, मेट्रोच्या नाक्यावर. कयानी १९०४ पासून आहे, अजून आहे, देवाची कृपा. बस्तानी २००४ ला बंद झालं. संगमरवरी टेबलं, वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या त्या गोल पाठीच्या खुर्च्या, भिंतीला आरसे, काउंटरवर बरण्यांत नानखटाई आणि खारी, आणि गल्ल्यावर बसलेला शेठ. नुसतं हॉटेल नव्हतं ते, साबण, ब्लेड, अंडी, पाव, सगळं मिळायचं. परीक्षेच्या दिवसांत आम्ही पाच जण दोन ब्रून मस्का आणि तीन पानी कम, म्हणजे कमी पाण्याचा कडक चहा, मागवायचो, पाव चहात बुडवून खायचा, आणि बशीत ओतून चहा पाच जणांत फिरवायचा. वेटर दोन कप जास्तीचे रिकामे आणून ठेवायचा, न सांगता.

मुंबईतले बहुतेक जुने इराणी यझ्द आणि केरमानकडून आलेले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला, आणि कोपऱ्याच्या जागा त्यांनी धरल्या. कोपऱ्याचं दुकान अशुभ म्हणून इकडचे व्यापारी घेत नसत असं सगळेच सांगतात. आणि एक गोष्ट हल्ली कुणी बोलत नाही, ती म्हणजे इराण्याच्या टेबलावर जात विचारली जात नसे. ज्या शहरात ब्राह्मणांची खाणावळ वेगळी आणि ह्यांची वेगळी अशा पाट्या होत्या त्याच शहरात गिरणीकामगार, वकील, हमाल आणि प्रोफेसर एकाच संगमरवरावर कोपर टेकून चहा पीत होते. माझे आजोबा गिरणीत होते. ते सांगायचे, मला मुंबईत पहिल्यांदा कपबशीत चहा दिला तो इराण्याने.

जुना_भाडेकरू

धागा फार आवडला, पण थोडं हिशेबाचंही बोलायला हवं असं वाटतं. माझं आयुष्य भाडेकरू-मालक दाव्यांची कागदपत्रं टाइप करण्यात गेलंय त्यामुळे ही बाजू मला जवळून माहितीय.

एका चहावर दोन तास बसू देणं परवडायचं कसं? भाडं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली आणि तिथेच राहिली. चहा महागला, पाव महागला, जागेचं भाडं तेवढंच. म्हणजे इराण्याच्या टेबलावर तुम्ही जो निवांत वेळ काढलात त्याचे पैसे एका अर्थी इमारतीचा मालक भरत होता, आणि तोही बिचारा मग इमारतीला हात लावत नव्हता, गळतंय तर गळू दे, जिने खचतायत तर खचू देत. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. त्यात बँका, सरकारी महामंडळं आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या संरक्षणातून बाहेर काढल्या. त्यांना दिलेल्या जागेचं भाडं बाजारभावाने. आता विचार करा, मोक्याचा कोपरा, भाडेकरू म्हातारा, मुलं परदेशात, भागीदारांची आपसात भांडणं, आणि त्या कोपऱ्यावर एखादी बँक यायला तयार. शेठने जागा सोडली तर त्यालाही चांगली रक्कम मिळते. कुणी फसवलं असं नाही. बहुतेक वेळा सगळ्यांनी राजीखुशीनेच सह्या केल्या, मी त्या सह्या होताना बघितल्यात. एका शेठने सही केली, पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "तू कधी आला होतास का रे आमच्याकडे?" मी म्हटलं रोज यायचो.

चर्चगेट_स्लो

जुना_भाडेकरू, हे मला खरंच माहीत नव्हतं. वाचल्यावर थोडा वेळ बसून राहिलो. म्हणजे मी ज्याला त्यांचा मोठेपणा समजत होतो तो भाड्याचा हिशेब होता का?

थप्पीतलं_पुस्तक

नाही, मला हे पटत नाही. कमी भाडं तर त्या भागात पुष्कळांना होतं. रिझर्व्ह बँकेपासून फाउंटनपर्यंत किती दुकानं अशी होती जिथे आत पाय ठेवला की "काय हवंय?" आणि दोन मिनिटांत "घ्यायचं असेल तर हात लावा." भाडं त्यांचंही जुनंच. कायद्याने सवड दिली, पण ती सवड गिऱ्हाइकाला द्यायची की नाही हे गल्ल्यावरचा माणूस ठरवत होता. शानभागांनी ठरवलं. ऱ्हिदम हाऊसच्या त्या काउंटरवरच्या गृहस्थांनी ठरवलं. त्यांचं श्रेय कायद्याला देऊ नका, प्लीज.

निळी_शाई

थप्पी, अगदी.

८_१२ची_लोकल

मी जरा टोचणारं बोलते, राग मानू नका. स्ट्रँडच्या शेवटच्या दिवसांत रांग होती म्हणालात. ती रांग आधीच्या पाच वर्षांत कुठे होती? मी स्वतःबद्दलच बोलतेय. मी तिथे जाऊन पुस्तक बघायचे, आवडलं तर फोनमध्ये त्याचा फोटो काढायचे आणि रात्री घरी बसून ऑनलाइन मागवायचे, कारण शंभर रुपये वाचत होते. माझ्यासारख्या हजारोंनी हेच केलं असणार. गाण्यांचं तर विचारूच नका, कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली आणि गाणं फुकट झालं, मग दुकान कशावर चालणार? न घेता बसू दिलं त्यांनी, पण कधीतरी कुणीतरी घ्यायला हवं होतं ना. चर्चगेट_स्लो, तुम्ही बोनसमधून घेतलीत ती कॅसेट, त्यावरच ते बूथ चालत होते.

आणि फोर्ट रिकामं होत गेलं हेही आहेच. शेअर बाजारात १९९५ ला बोल्ट आलं, स्क्रीनवर सौदे सुरू झाले आणि रिंगमधला आरडाओरडा थांबला, दलाल स्ट्रीटवरची ती दुपारची झुंबड पांगली. २०१० ला हिरेवाले ऑपेरा हाउसहून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, गेले. माझं स्वतःचं ऑफिस २००८ ला बीकेसीला हललं. लंच टाइमला चालत जाऊन काही बघावं असं तिथे काही नव्हतं, काचा आणि सिक्युरिटी. मग आपण डेस्कवरच जेवायला लागलो.

कुडाळकर

मी इथे नुसता वाचत असतो, सहसा लिहीत नाही. पण इराण्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझे बाबा फोर्टातल्या एका इराण्याकडे बत्तीस वर्षं होते. नाव नाही सांगत, आता ते हॉटेल नाही आणि शेठही नाहीत. चौदाव्या वर्षी गावाहून आले, आधी कपबशा विसळायला, मग टेबलावर, मग चहाच्या भट्टीवर. हॉटेलच्या वरच्या पोटमाळ्यावर सहा जण झोपायचे, सगळे आमच्याच बाजूचे. पहाटे चारला उठायचं कारण साडेपाचला पहिलं गिऱ्हाईक, पेपरवाले आणि टॅक्सीवाले. आम्ही गावाला, बाबा वर्षातून दोनदा यायचे, गणपती आणि शिमगा. येताना पत्र्याच्या डब्यात खारी आणि नानखटाई आणायचे आणि अख्ख्या वाडीला वाटायचे.

तुम्ही सगळे म्हणता ना की वेटरने न सांगता रिकामे कप आणून ठेवले, बिल आपटलं नाही. बाबा सांगायचे, शेठचा एक नियम होता, पोरगा पुस्तक उघडून बसला असेल तर त्याच्या टेबलावर फडकं मारायचं नाही. दुसऱ्या टेबलाला आधी मारायचं. एक मुलगा वर्षभर कोपऱ्यात बसून सीएचा अभ्यास करायचा, पास झाला त्या दिवशी पेढे घेऊन आला आणि शेठच्या आधी बाबांना दिला. बाबा हे शेवटपर्यंत सांगत होते. आम्हा तीन भावंडांपैकी कुणाला दहावीत किती मार्क पडले ते त्यांना आठवायचं नाही पण त्या मुलाचं टेबल कुठलं ते आठवायचं.

हॉटेल बंद झालं तेव्हा शेठने सगळ्यांचा हिशेब दिला आणि वर म्हणाले, एकेक खुर्ची घेऊन जा. बाबांनी ती खुर्ची एसटीच्या टपावर बांधून आणली. आमच्या पडवीत आहे. बैठकीचं लाकूड एका बाजूला फाटलं होतं ते सुताराकडून बसवून घेतलंय, बाकी तशीच. बाबा गेल्याला सहा वर्षं झाली.

पानीकम

कुडाळकर, तुम्ही "नुसता वाचतो" म्हणालात. कृपा करून लिहीत जा. त्या पाच जणांच्या बशीतला चहा आणून देणारे तुमचे बाबा असू शकले असते, हे एवढंच मनात घोळतंय सकाळपासून.

लकी_ते_गुडलक

पुण्याहून हजेरी. डेक्कनवर गुडलक हा इराणी कॅफे आहे, १९३५ पासून, पण त्याच्या जवळचं लकी गेलं. दोन्हीकडे गर्दी असायची आणि घराघरात आपापला पक्ष होता, आमच्याकडे लकी. कॅम्पातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान २०१२ ला बंद झालं, तिथे मुलांच्या पुस्तकांपाशी जमिनीवर बसून वाचता यायचं. आता माझी मुलगी विचारते "बाबा, दुकानात बसून वाचलं तर ओरडत नाहीत का?" तिला कुठे नेऊन दाखवू?

फाउंटनचा_फुटपाथ

वेसाइड इनचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून मी घेतो. काळ्या घोड्यालाच होतं हे हॉटेल, लाल चौकटींचे टेबलक्लॉथ. कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षं तिथे बसायचे, समोरच्या तिठ्यावर जे चाललेलं असायचं, भिकारी, कुत्री, झाडूवाल्या, इडली विकणारी बाई, ते सगळं बघत. त्याच्या कविता झाल्या, आणि पुस्तक २००४ मध्ये आलं तेव्हा वेसाइड इन आधीच बंद झालेलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलटकरही गेले. मी एकदा त्यांना खिडकीशी बसलेलं पाहिलंय, बोलायचं धाडस झालं नाही. ते काही लिहीत नव्हते, नुसते बाहेर बघत होते. कवितेला किती बघावं लागतं हे मला त्या दुपारी कळलं, आणि त्या बघण्यासाठी कुणीतरी टेबल अडवू दिलं होतं.

घोड्याचंही सांगतो. सातव्या एडवर्डचा तो काळा पुतळा १९६५ ला तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. पुढची पन्नास वर्षं तिथे घोडाच नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला काळा घोडा म्हटलं की तो बरोबर तिथे आणून सोडायचा. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, स्वाराशिवाय. माझ्या पिढीने अख्खं तारुण्य नसलेल्या घोड्यापाशी भेटण्यात घालवलं.

जेजेची_मुलगी

"नसलेल्या घोड्यापाशी भेटण्यात" हे वाचून डोळे भरले. सहाला घोड्यापाशी भेट, असंच म्हणायचो आम्ही.

चर्चगेट_स्लो

सगळ्यांचं दोनदा वाचलं. ८_१२ची_लोकल, तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मी त्यातून सुटत नाही. बोनसनंतर मी वर्षाला दोन-तीन कॅसेट घेत होतो, पुढे मुलाने घरी कॉम्प्युटरवर गाणी आणून दिली आणि माझं जाणं कमी झालं. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मी रस्त्याच्या पलीकडून जात होतो, आत जात नव्हतो.

तर एक सुचवतो. कयानी आहे अजून. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता धोबीतलावला जमूया का, मुंबईत असतील ते? यावेळी भरपूर मागवू, आणि निघताना घरी न्यायला मावा केकही घेऊ. कुडाळकर, तुमचं मुंबईला येणं कधी होतं का?

कुडाळकर

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघालो तर सकाळी पोचेन. खुर्चीचा फोटो आणतो.

८_१२ची_लोकल

मी येतेय.

पानीकम

मीही. रविवारी तिथे फार गर्दी असते पण, टेबल मिळायला वेळ लागेल.

कुडाळकर

थांबू की.